विश्लेषण : 'कोणाचा आहे?' एचआरच्या यादीत पेठचा कामगार का नसतो?

पहाटे पेठहून नाशिककडे निघालेल्या एसटीत किंवा काळी-पिवळी जीपमध्ये बसलेल्या तरुणांच्या गळ्यातील ओळखपत्रे एकदा नीट वाचून पाहावीत. कारखाना सातपूरचा किंवा अंबडचा, यंत्र त्या कारखान्याचे, अंगावरचा गणवेशही बहुतेक वेळा तिथलाच. ओळखपत्रावर मात्र नाव असते कुठल्या तरी 'एंटरप्रायझेस'चे किंवा 'मॅनपॉवर सर्व्हिसेस'चे. सावळघाट उतरून, सुमारे ५५ किलोमीटर अंतर कापून हा तरुण ज्या दारातून आत जातो, त्या दाराआड मनुष्यबळ विकास विभाग, म्हणजे आपल्या बोलीतला एचआर, बसलेला असतो. कर्मचाऱ्यांना न्याय्य वागणूक मिळते की नाही हे पाहणे त्या विभागाचे काम. पण हा तरुण त्यांचा कर्मचारीच नसतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. तेव्हापासून एचआरविषयी भरपूर लिहिले-बोलले जात आहे. मूळ वेतन एकूण पगाराच्या निम्मे ठेवावे लागणार, हातात येणारा पगार घटणार का, ग्रॅच्युइटी किती वाढणार, असे ते प्रश्न आहेत. ते महत्त्वाचेच आहेत, पण ज्यांचे नाव पगारपत्रकावर आहे त्यांचे आहेत. एचआर न्यायाने वागतो का, हे विचारण्याआधी तो कोणाला आपला मानतो हे विचारायला हवे.

'कोणाचा आहे?' या प्रश्नाचा अर्थ काय?

पत्रकारितेत येण्याआधी, इंजिनीअरिंग संपल्यावर, मी नाशिकच्या एका कारखान्यात ११ महिने ट्रेनी होतो. पहिल्या दिवशी एचआरने आम्हाला वातानुकूलित खोलीत बसवून 'आपण सगळे एक कुटुंब' अशी स्लाइड दाखवली. चौथ्या महिन्यात प्रेसशॉपमध्ये पेठ तालुक्यातील एका मुलाच्या बोटाला मार लागला. सुपरवायझर जागेवर नव्हता, म्हणून मीच त्याला घेऊन एचआरच्या केबिनमध्ये गेलो. तिथल्या मॅडमनी विचारले, ''कोणाचा आहे?'' मी त्याचे नाव सांगितले. ''नाव नको रे, ठेकेदार कोण?''

त्या वाईट नव्हत्या, हे सांगितलेच पाहिजे. त्यांनी स्वतः उठून प्रथमोपचाराची पेटी काढली, मुलाला पाणी दिले, रिक्षाचे पैसेही स्वतःच्या पर्समधून दिले. पण त्यांच्या संगणकात त्याचे नाव शोधायची सोयच नव्हती. ठेकेदाराचा माणूस पाऊण तासाने आला. मग कळले, की ईएसआयची कपात पगारातून दर महिन्याला होत होती आणि मुलाच्या नावाने विमा क्रमांक मात्र निघालाच नव्हता. सातपूरचे कामगार विमा रुग्णालय जवळ असून उपयोग नव्हता. त्याला खासगी दवाखान्यात न्यावे लागले. बिल कोणी भरायचे यावर पुढचे दोन आठवडे ठेकेदार आणि टाइम ऑफिस यांच्यात चेंडू टोलवला गेला. तिसऱ्या आठवड्यात मुलगा गावी निघून गेला.

मी तेव्हा हे एका ठेकेदाराच्या लबाडीचे प्रकरण समजत होतो. कायदा वाचला तेव्हा समज बदलला.

मुळात हे पद निर्माण कशासाठी झाले?

आजच्या एचआरची वंशावळ शोधत गेले की माणूस मुंबईच्या गिरण्यांत पोहोचतो. तिथे कामगार भरण्याचे, काढण्याचे, रजा देण्याचे अधिकार जॉबरच्या हाती होते. जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम. गावाकडून माणसे आणायची, त्यांना खात्यात चिकटवायचे, त्याबद्दल दस्तुरी घ्यायची आणि कोणी तोंड वर केले की उद्यापासून त्याची बदली बंद करायची. गिरणीमालकाला कामगाराचे तोंड पाहावे लागत नसे आणि कामगाराला मालकाचे.

१९२९ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या व्हिटली आयोगाने, म्हणजे कामगारविषयक शाही आयोगाने, याच व्यवस्थेवर बोट ठेवले. आपले ना. म. जोशी या आयोगाचे एक सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने शिफारस केली, की मोठ्या कारखान्यांनी कामगार अधिकारी नेमावा, भरती त्याने करावी, त्याच्या संमतीशिवाय कोणाला काढू नये आणि त्याने थेट व्यवस्थापकालाच उत्तर द्यावे. जॉबरच्या हातातली भरती काढून घेणे हा या शिफारशीचा गाभा होता. १९३४ च्या मुंबईच्या कायद्याने सरकारी कामगार अधिकारी आला. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची पदव्युत्तर संस्था सुरू झाली, तीच आजची 'टिस'. आज तिथल्या एचआर अभ्यासक्रमासाठी देशभरातून मुले रांगा लावतात. ही रांग समाजकार्याच्या दारातून सुरू झाली होती, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम ४९ मध्ये ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. या अधिकाऱ्याच्या कर्तव्यांविषयीच्या अनेक राज्यांच्या नियमांत एक शहाणपणाची अट होती. कल्याण अधिकाऱ्याने कामगाराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या कारवाईत पडू नये आणि व्यवस्थापनाच्या बाजूने कामगाराविरुद्ध न्यायालयात उभे राहू नये. तक्रार ऐकणारा आणि शिक्षा करणारा एकच माणूस असला, की तक्रार करायला कोणी जात नाही, एवढे साधे कारण त्यामागे होते.

पुढे लेबर ऑफिसरचा पर्सोनेल मॅनेजर झाला, पर्सोनेलचा एचआर झाला. आता एकाच खोलीतून पगारवाढ ठरते, मेमो निघतो, राजीनामा लिहून घेतला जातो, वाढदिवसाचा केकही कापला जातो आणि तक्रार करायची तर त्याच खोलीत. आणि भरती? ती पुन्हा बाहेर गेली. आज पेठ, सुरगाणा, हरसूलच्या पाड्यांवरून मुले गोळा करणारा, पहिल्या पगारातून 'सर्व्हिस चार्ज' कापणारा, नको झालेल्या मुलाचा गेटपास बंद करणारा माणूस हा नव्या नावाचा जॉबरच आहे. व्हिटली आयोगाने ज्याच्या हातून भरती काढून घ्यायला सांगितले होते, त्याच्याच हाती एचआरने ती स्वतःहून परत दिली आहे.

पण कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराचाच नाही का?

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि तो बऱ्याचदा सोयीसाठी जपला जातो. कारखाने अधिनियमातील 'कामगार' या शब्दाची व्याख्या थेट नेमलेल्या माणसापुरती कधीच नव्हती. ठेकेदारामार्फत आलेला, अगदी मूळ मालकाच्या नकळत कामावर लागलेला माणूससुद्धा त्या व्याख्येत बसतो. म्हणजे यंत्राला संरक्षक जाळी, पिण्याचे पाणी, कामाचे तास, प्रथमोपचार यांसाठी कायद्याने 'कोणाचा आहे' हा प्रश्नच विचारलेला नाही.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने तर मूळ मालकावर, म्हणजे कारखान्यावर, पगाराची अंतिम जबाबदारी टाकली. ठेकेदाराने पगार बुडवला किंवा कमी दिला तर कारखान्याने तो द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा. पगारवाटपाच्या वेळी कारखान्याचा प्रतिनिधी हजर असला पाहिजे आणि त्याने वाटप झाल्याचे प्रमाणित केले पाहिजे, अशीही तरतूद त्यात होती. जुने कामगार सांगतात, की पगाराच्या दिवशी टेबलाशी कंपनीचा माणूस बसायचा. आता पगार बँकेत जातो, तो माणूस उठला आणि कागदावर सही तेवढी राहिली. खात्यात किती जमा झाले आणि त्यातून एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवलेल्या मुकादमाने किती काढले, हे त्या सहीला दिसत नाही. भविष्यनिर्वाह निधीचेही असेच. ठेकेदाराच्या माणसांचा पीएफ भरला जातो की नाही याची पहिली जबाबदारी मूळ मालकावरच आहे.

नव्या संहितांनीही ही जबाबदारी काढलेली नाही. उपाहारगृह, विश्रांतीची जागा, पाणी, प्रथमोपचार या सोयी कंत्राटी कामगाराला मूळ मालकाने द्यायच्या, हे तिथे लिहिलेले आहे. मुख्य उत्पादनाच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यास बंदी आहे. मात्र अपवाद इतके ऐसपैस आहेत, की बंदीतून ट्रक जाईल. ज्या कामात नेहमीच ठेकेदार असतात ते काम, अचानक वाढलेले काम, पूर्ण दिवसाचे नसलेले काम, हे सगळे अपवादात. शिवाय ठेकेदाराला परवाना ५० किंवा अधिक माणसे असतील तरच लागतो. प्रत्येक ठेकेदार पन्नासच्या आत ठेवला की परवान्याचा प्रश्न मिटतो. एका कारखान्यात पाच-सहा छोटे ठेकेदार का असतात, याचे उत्तर अनेकदा या आकड्यात सापडते.

सात महिन्यांचे गणित काय आहे?

पेठ तालुक्यात आयटीआय किंवा बारावी झालेल्या कोणालाही विचारा, 'सात महिने' म्हणजे काय ते तो सांगेल. राज्यातील आदर्श स्थायी आदेशांत अशी तरतूद आहे, की तात्पुरत्या कामगाराने १२ महिन्यांत २४० दिवस भरले तर त्याला कायम करावे. त्यामुळे सातव्या महिन्याच्या शेवटी 'ब्रेक' येतो. २१० दिवस होतात, माणूस घरी जातो आणि महिना-दीड महिन्याने दुसऱ्या नावाच्या ओळखपत्रावर, कधी कधी त्याच यंत्रावर, परत येतो. अशा रीतीने माणसाला वर्षानुवर्षे तात्पुरता ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत स्पष्ट म्हटले आहे. त्यासाठी नाशिकला औद्योगिक न्यायालयही आहे. पण सात महिन्यांनी गावी परतलेला मुलगा वकील कुठून करणार? आणि करायचा तर दावा कोणावर, हा पुन्हा पहिलाच प्रश्न.

आदर्श स्थायी आदेश महाराष्ट्रात ५० कामगार असलेल्या आस्थापनांनाही लागू होत. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा ३०० आहे. नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत छोट्या पुरवठादार कारखान्यांची संख्या मोठी आहे. तिथला एचआर म्हणजे अनेकदा अकाउंट्स पाहणारा एकच माणूस. लिखित सेवाशर्तींचे जे काही छप्पर होते, ते अशा ठिकाणी उडाले.

ट्रेनी हा आणखी एक दरवाजा आहे. शिकाऊ उमेदवार कायद्यातला ॲप्रेंटिस 'कामगार' धरला जात नाही, त्याला वेतन नसते तर विद्यावेतन असते. शिकण्यासाठी हे योग्यच आहे. पण तीन दिवसांत शिकता येते ते काम वर्षभर 'शिकवले' जाते तेव्हा त्याला शिक्षण म्हणणे कठीण. सरकारही यात मागे नाही. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावीला सहा, आयटीआय-पदविकेला आठ आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन. तालुक्याच्या कार्यालयांत, शाळांत, ग्रामपंचायतींत मुले लागली. सहा महिन्यांची मुदत वाढवून ११ महिने झाली आणि मग 'पुढे काय' असे विचारत प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. सातचे ११ झाले एवढाच फरक.

गैरहजेरी की आवणी?

एचआरच्या तक्त्यांत जुलै महिन्यात एक लाल पट्टा दिसतो. गैरहजेरी वाढलेली असते. पेठकडची मुले 'बेभरवशाची' असा शेरा त्या पट्ट्यामुळे पडतो. जुलैत इथे भाताची आवणी असते. डोंगरउतारावर नागली-वरई लावायची असते, पाऊस थांबत नाही आणि घरातली कमावती माणसे तेव्हा शेतातच लागतात. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो, तेव्हाही माणूस चार-आठ दिवस गावीच सापडतो. हे दरवर्षी त्याच आठवड्यांत होते. दिवाळीच्या सुट्टीचे नियोजन जानेवारीतच करणाऱ्या विभागाला आवणीचे नियोजन करता येऊ नये, हे मला पटत नाही. पाळीपाळीने आठ दिवसांची बिनपगारी रजा आधी लिहून घेतली तरी 'न सांगता पळून गेला' ही तक्रार बरीच कमी होईल. पण रजेचा अर्ज घ्यायला माणूस यादीवर असावा लागतो. ठेकेदाराकडे रजा नसते, असतो फक्त 'ब्रेक'.

कारखाना सोडून द्राक्षबागांकडे गेलेल्यांची स्थिती तर याहून साधी आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून विरळणी, डिपिंग आणि खुडा होईपर्यंत दिंडोरी-निफाडच्या बागांत पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या राबतात. तिथे एचआर नाही, मुकादम आहे आणि तो तसे लपवतही नाही. निदान तिथे 'एक कुटुंब'ची स्लाइड दाखवत नाहीत.

मोठ्या कंपन्यांत तरी सगळे नीट आहे का?

ज्यांचे नाव यादीवर आहे त्यांचेही फार बरे चालले आहे असे नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्यात अर्न्स्ट अँड यंग समूहाच्या कार्यालयात रुजू होऊन अवघे चार महिने झालेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचले गेले. कामाच्या ताणाने मृत्यू झाल्याचा दावा कंपनीने नाकारला. नंतर राज्याच्या कामगार विभागाने त्या कार्यालयाची तपासणी केली, तेव्हा २००७ पासून ते दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीशिवाय चालू असल्याचे आढळले. दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा तेव्हा याच कायद्यात होती. जगभरातील कंपन्यांना नियमपालनाचे सल्ले देणाऱ्या समूहाचे कार्यालय, आणि १७ वर्षे दुकानाची साधी नोंदणी नाही. जे कार्यालय नोंदलेलेच नाही तिथल्या माणसाचे तास कोण मोजणार? सातपूरच्या मुलाचा नसलेला विमा क्रमांक आणि पुण्याची ही नसलेली नोंदणी मला एकाच कुळातली वाटते.

त्यानंतर ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊवरून १२ तास आणि तीन महिन्यांतील ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मंजुरी दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक, असे सरकार सांगते. ही संमती घेणार कोण? गेटपास देणाराच. नेमणुकीच्या दिवशी सह्या करायच्या कागदांच्या गठ्ठ्यात हा आणखी एक कागद असेल. मी स्वतः रुजू होताना किती ठिकाणी सह्या केल्या आणि कशावर केल्या, हे आज मला सांगता येणार नाही. आणि मी इंजिनीअर होतो, कागद इंग्रजीत वाचू शकत होतो.

महिला कामगारांनी तक्रार कुठे करायची?

या बाबतीत कायदा सगळ्यात स्पष्ट आहे आणि अंमलबजावणी सगळ्यात धूसर. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात 'कर्मचारी' म्हणजे कायम, तात्पुरती, रोजंदारीवरील, ठेकेदारामार्फत आलेली, शिकाऊ अशा सगळ्या जणी येतात. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती हवी. तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ महिला हवी, निम्म्या सदस्य महिला हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा. पॅकिंगच्या टेबलाशी उभ्या असलेल्या पेठच्या मुलीला कारखान्याच्या समितीकडे जाण्याचा पूर्ण हक्क आहे. समितीच्या सदस्यांची नावे ठळक जागी लावणे बंधनकारक आहे. ती पाटी बहुधा ऑफिसच्या मजल्यावर असते. कंत्राटी मुलींची ये-जा असते मालवाहू दाराने.

जिथे दहापेक्षा कमी माणसे आहेत किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. ग्रामीण आणि आदिवासी भागात प्रत्येक तालुक्यासाठी एक समन्वय अधिकारी नेमावा आणि त्याने आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवावी, असे कायदा सांगतो. म्हणजे द्राक्षबागेतल्या मजूर बाईलाही तक्रारीसाठी नाशिकची वारी करावी लागू नये, अशी ही रचना आहे. मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीतील गंभीर उणिवांवर बोट ठेवले होते. आपल्या तालुक्याचा समन्वय अधिकारी कोण, हे विचारण्याचा अधिकार पेठच्या प्रत्येक बाईला आहे.

संहितांमुळे हाती काय आले?

काही चांगले आले आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे सक्तीचे झाले. नोकरी सुटल्यावर, काढले असो वा राजीनामा दिलेला असो, देय वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचे आहे. मला माझा हिशेब मिळायला तीन महिने आणि नऊ मेल लागले होते. मुदतीच्या करारावरील माणसाला पाच वर्षांऐवजी एका वर्षाने ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. कल्याण अधिकाऱ्यासाठीची ५०० ची मर्यादा २५० वर आली. आणि २० किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, अध्यक्षपद आलटूनपालटून आणि तक्रारीचा निकाल ३० दिवसांत.

प्रश्न असा, की ठेकेदाराच्या माणसाने कोणाच्या समितीपुढे जायचे? ठेकेदाराच्या? त्याचे ऑफिस म्हणजे बऱ्याचदा एक मोटारसायकल आणि दोन मोबाइल. कारखान्याच्या समितीत कंत्राटी कामगारांचा एक तरी प्रतिनिधी घ्यावा, ही मागणी कामगार संघटनांनी लावून धरायला हवी. दुर्दैवाने कायम कामगारांच्या संघटनाही वेतनकराराच्या वेळी 'कोणाचा आहे' हाच प्रश्न विचारतात.

एचआर तरी काय करणार?

या लेखासाठी बोलताना नाशिकमधील एका एचआर व्यवस्थापकाने नाव न देण्याच्या अटीवर सांगितले, की कंत्राटी कामगारांचा खर्च त्यांच्या विभागाच्या हिशेबात येतच नाही, तो खरेदी विभागाच्या खात्यात जातो. बोल्ट आणि ग्रीस ज्या खात्यातून येते त्याच खात्यातून माणसे. ठेकेदाराचा दर ठरवताना एचआरला विचारत नाहीत. ज्या दरात किमान वेतन, पीएफ आणि ईएसआय बसूच शकत नाही, त्या दरावर करार झाला की पुढची चोरी करारातच लिहिलेली असते. ती पकडण्याचे काम मात्र एचआरचे. हे म्हणणे खरे आहे. एचआरमधली माणसेही नोकरच आहेत, त्यांचाही वरिष्ठ असतो.

तरीही काही गोष्टी त्यांच्या टेबलावरूनच होऊ शकतात आणि त्यासाठी संचालक मंडळाची परवानगी लागत नाही. ठेकेदाराचे बिल मंजूर करण्याआधी त्या महिन्याचे पीएफचे चलन आणि नावनिहाय यादी मागता येते. नुसते चलन नको, यादी हवी, कारण चलनात एकूण रक्कम असते आणि माणूस हरवतो तो यादीत. नवा मुलगा आत येताना त्याचा यूएएन आणि विमा क्रमांक गेटवरच तपासता येतो. हेल्मेट नसेल तर गेटवर अडवतातच ना? अपघाताच्या वेळी ठेकेदाराचा शोध न घेता थेट रुग्णालयात नेण्याचा नियम करता येतो. तक्रारपेटी मालवाहू दाराशी लावता येते आणि तिच्यावरची सूचना मराठीत लिहिता येते.

कामगाराच्या बाजूने पाहिले तर पहिला पुरावा मोबाइलमध्येच आहे. 'उमंग' ॲपवर पीएफचे पासबुक उघडते. घाटाच्या अलीकडे रेंज मिळाली तर.

करंजाळी परिसरातील एका तरुणाने गेल्या महिन्यात ते उघडले. १४ महिन्यांच्या कामात नऊच महिन्यांचा भरणा दिसला. पगारपावत्यांवर कपात १४ महिन्यांची. आम्ही दोघांनी बसून मराठीत मेल लिहिला, सोबत पावत्यांचे फोटो जोडले आणि कारखान्याच्या एचआरला पाठवला. ठेकेदाराला आणि नाशिकच्या पीएफ कार्यालयाला प्रत. एचआरचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले, एका ओळीचे : कृपया आपल्या एम्प्लॉयरशी संपर्क साधावा. पीएफ कार्यालयाच्या उत्तराची तो वाट पाहतो आहे. तोवर आवणीसाठी तो गावी आला आहे.